अकाउंटंटच्या मुलाखती घेतेय, नेमकं काय विचारायचं?

पंचगंगा | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे, मी आणि धाकटा भाऊ भागीदारीत चालवतो. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), सगळी मिळून १४ माणसं. फाउंड्रीवाल्यांचं कास्टिंग (ओतीव भाग) चलनावर आमच्याकडं येतं, मशीनिंग होऊन परत जातं आणि आम्ही लेबर बिल लावतो.

वडलांच्या वेळेपासून आमच्याकडं एक दिवाणजी होते. खरं तर हुद्दा अकाउंटंट, पण टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आलं, जीएसटी आला तरी सगळे त्यांना दिवाणजीच म्हणायचे. बावीस वर्षं झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पाडव्यानंतर थांबतो म्हणाले, थांबले. तेव्हापासून भाऊ मशीनवर आणि मी रात्री अकरापर्यंत बिलं मारत बसते असं चाललंय. गेल्या महिन्यात ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, दोन दिवस उशिरा गेलं, लेट फी लागली, ती फार नाही, पण दिवाणजींच्या वेळी असं एकदाही झालं नव्हतं ते मनाला लागलं.

आता माणूस घ्यायचाय. जाहिरात दिली, ३१ अर्ज आले. सगळ्यांचे बायोडाटा एकसारखे, बी.कॉम., एमएससीआयटी, टॅलीचं सर्टिफिकेट, 'मेहनती व प्रामाणिक'. त्यातनं चार-पाच जणांना बोलवायचंय. मी स्वतः इंजिनिअरिंगवाली, सात-आठ वर्षांत हिशोब शिकले ते दिवाणजींच्या शेजारी बसून. ऑपरेटर घ्यायचा असला तर मला कळतं, हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला की दोन मिनिटांत समजतं. अकाउंटंटच्या हातात काय द्यायचं? तुम्ही लोक काय विचारता, कशावरनं ओळखता, अनुभव सांगा. येत्या शनिवारी मुलाखती आहेत.

सातपूरकर | रविवार, रात्री १०:३५

ताई तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. व्हर्नियर द्या हातात. म्हणजे तुमचीच बिलं, व्हाउचर, बँक स्टेटमेंट समोर ठेवा आणि एक तास बसवा. आम्ही नाशिकला असंच करतो. आधी मी पण 'डेबिट म्हणजे काय' विचारायचो, सगळ्यांना येतंच ते, क्लासमध्ये पाठ करून घेतात. आणि टॅलीतली बटणं, एफ५ पेमेंट, एफ७ जर्नल, हे तर आठ दिवसांत कोणीपण शिकतं, त्यावर मार्क देऊ नका.

खतावणी | सोमवार, सकाळी ७:२०

मी १८ वर्षं करसल्लागाराच्या ऑफिसात काढलीत, आता स्वतःचं काम करतो. लहान उद्योगांची मुलाखत घेताना पहिली गल्लत होते ती अशी की मालकाला सीएचं काम करणारा माणूस अकाउंटंटच्या पगारात हवा असतो. तसा मिळत नाही आणि लागतही नाही. ताळेबंद, ऑडिट, रिटर्न हे तुमचे सीए बघणार. तुम्हाला हवाय तो रोजचा माणूस, ज्याच्यामुळं सीएकडं जाणारा कागद स्वच्छ असेल.

माझा एक आवडता प्रश्न आहे, तुम्हाला देतो. 'समजा आज महिन्याची १२ तारीख आहे, तर तुमच्या टेबलावर काय झालेलं असेल आणि काय व्हायचं असेल?' बस एवढंच विचारा आणि गप्प बसा. ज्यानं खरोखर काम केलंय तो सांगेल, ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरून झाला, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) गेलं, आता १४ ला टू-बी (सप्लायरनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) येईल त्याच्याशी खरेदी जुळवायची, १५ ला ईएसआय (कामगार विमा) आणि लागू असेल तर पीएफ, २० ला ३बी. तिमाही वाल्यांच्या तारखा वेगळ्या, तेही कोणी सांगितलं तर उत्तम. ज्यानं फक्त एंट्र्या मारल्यात आणि बाकी सगळं 'सर बघायचे' तो इथं अडखळतो. अडखळला म्हणून वाईट नाही, पण तुम्हाला कळतं की कुठनं शिकवायला लागणार.

दुसरा प्रश्न मार्चचा. 'मार्च महिन्यात ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांची यादी काढताना कोणाला आधी बघाल?' सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर-निर्धारण वर्षापासून आलाय आणि तुमच्यासारख्या युनिटचे अर्धे सप्लायर उद्यम नोंदणीवालेच असतात. तुम्ही स्वतःसुद्धा असाल, म्हणजे फाउंड्रीकडनं तुमची बाकी वसूल करतानासुद्धा हा मुद्दा त्याला माहीत हवा.

निळी शाई | सोमवार, दुपारी १:०५

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे, म्हणजे मुलाखती देणारी, म्हणून लिहावंसं वाटलं. अकरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, चार नोकऱ्या झाल्या, मुलाखती वीसेक तरी दिल्या असतील.

परीक्षा जरूर घ्या पण एक तासाची घ्या. मला एका ठिकाणी 'ट्रायल' म्हणून पाच दिवस बोलवलं, रोज नऊ ते सहा. पाच दिवसांत त्यांचं तीन महिन्यांचं तुंबलेलं बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा आणि आपला हिशोब जुळवणं) मी पूर्ण करून दिलं, सहाव्या दिवशी सांगितलं की आमचा विचार बदलला. एक रुपया नाही, येण्या-जाण्याचं भाडंसुद्धा नाही. नंतर कळलं माझ्या आधी पण दोघींना असंच बोलवलं होतं.

अजून एका ठिकाणी मूळ मार्कशीट ठेवून घेतात, नोकरी सोडेपर्यंत परत देत नाहीत. कृपा करून असलं काही करू नका, मूळ बघा, झेरॉक्स ठेवा, मूळ लगेच हातात द्या.

आणि पगार. जाहिरातीत 'योग्यतेनुसार' लिहायचं, मग माणूस गडहिंग्लजहून एसटीनं येतो, दोन तास बाकड्यावर बसतो, आत गेल्यावर सांगतात बारा हजार. तो आकडा आधी फोनवर सांगितला असता तर त्याची एक रजा आणि तिकिटाचे पैसे वाचले असते. शनिवार अर्धा का पूर्ण, मार्चमध्ये रात्री किती वाजेपर्यंत, यायला गाडी आहे का स्वतःचं बघायचं, हे सगळं फोनवर सांगा.

शेवटचं म्हणजे कळवा. नाही घ्यायचं असलं तरी कळवा. 'कळवतो' म्हणून सांगितलेल्या वीसातल्या दोघांनी मला कळवलंय.

पंचगंगा | सोमवार, रात्री ९:१५

निळी शाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या जाहिरातीत पण 'पगार योग्यतेनुसार'च आहे. उद्या ज्यांना फोन करणार त्यांना आकडा आधी सांगते, १८ ते २२ हजार, अनुभव बघून. शनिवार पूर्ण, गुरुवारी सुट्टी.

खतावणी, १२ तारखेचा प्रश्न मी स्वतःलाच विचारून बघितला, ईएसआयची १५ मी विसरले होते.

सुताचा गुंडा | सोमवार, रात्री ११:४०

मी इचलकरंजीचा, यंत्रमागवाला. कामाचं सगळे सांगतील, मी नियतीचं सांगतो कारण मला त्याचा फटका बसलाय.

आमच्याकडं एक पोरगा होता, चार वर्षं. कामाला एकदम वाघ. सगळ्यात आधी यायचा, सगळ्यात शेवटी जायचा, चार वर्षांत एक रजा नाही, दिवाळीतसुद्धा दुसऱ्या दिवशी हजर. मी येईल त्याला कौतुकानं सांगायचो. मग त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला, दहा दिवस दवाखान्यात. त्या दहा दिवसांत मी गल्ल्यावर बसलो आणि पार्ट्यांचे फोन यायला लागले, 'अहो शेठ आम्ही मागच्या महिन्यातच रोख दिलेत, पावती आहे की'. टॅलीत बघतो तर बाकी तशीच. पहिल्या पार्टीचे पैसे स्वतःकडं ठेवायचा, दुसऱ्याचे आले की पहिल्याच्या खात्याला जमा, तिसऱ्याचे दुसऱ्याला. याची टोपी त्याच्या डोक्यावर, चार वर्षं चालू होतं. म्हणून तो रजा घेत नव्हता, कारण टोप्या फिरवायला रोज हजर राहायला लागतं ना.

किती गेले ते लिहीत नाही. पैशापेक्षा त्याच्या आईला आमच्या घरी येऊन रडताना बघितलं ते जास्त वाईट होतं.

मुलाखतीत हे ओळखता आलं असतं का? नाही. मी रोज विचार केलाय त्याचा, नसतं आलं. गोड होता, हुशार होता, घरचं पण चांगलं. चूक आमच्या पद्धतीत होती. पैसे घेणारा तोच, पावती फाडणारा तोच, जमा करणारा तोच, आणि बघणारा कोणीच नाही. म्हणून माणूस शोधायच्या आधी त्याची चौकट ठरवा, आणि मुलाखतीतच त्याला सांगा. वर्षातनं सलग आठ दिवस रजा घ्यायचीच, आमच्याकडं सक्तीची आहे आता.

खतावणी | मंगळवार, सकाळी ७:४५

वरची पोस्ट प्रत्येक मालकानं वाचावी. त्यात माझी भर. बँकेचं स्टेटमेंट थेट मालकाच्या ईमेलवर, अकाउंटंटकडनं प्रिंट घेऊन बघू नका. नेट बँकिंगमध्ये तो पेमेंट तयार करेल, पास तुम्ही करणार, ओटीपीचा मोबाईल तुमच्याकडंच. बऱ्याच ठिकाणी मालकाचं सिमकार्डच अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतं, सोय म्हणून. ३१ मार्चला पार्ट्यांना बाकीचं पत्र पाठवायचं आणि त्याचं उत्तर मालकाकडं यायला हवं. टॅलीत प्रत्येकाचा वेगळा युजर काढा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, भागीदारी फर्मला नाही, पण तुम्हीही ते चालू ठेवा, कोणती एंट्री कधी बदलली ते दिसतं.

आणि हे ऐकून उमेदवाराचा चेहरा कसा होतो ते बघा. चांगल्या माणसाला यात बरं वाटतं. उद्या काही कमी पडलं तर बोट त्याच्याकडं जाणार नाही, हे त्याला कळतं.

अबोली | मंगळवार, दुपारी ४:३०

मी बारावी कॉमर्सला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते, मराठी माध्यम. एक विनंती आहे. आमची मुलं किर्द, खतावणी, तेरीज, घसारा या शब्दांत विचार करतात. मुलाखतीत एकदम 'एक्सप्लेन डेप्रिसिएशन' असा इंग्रजीत प्रश्न आला की गप्प होतात आणि समोरच्याला वाटतं काही येत नाही.

माझा एक विद्यार्थी असाच तीन ठिकाणी नापास झाला. चौथ्या ठिकाणी मालकानं साधं विचारलं, 'बाळ, दहा लाखाचं मशीन घेतलं तर पहिल्या वर्षी खर्चात किती टाकायचे?' त्यानं उलट विचारलं, 'कधी वापरात आणलं? १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्मा घसारा, १५ टक्के असेल तर साडेसात, म्हणजे पंच्याहत्तर हजार.' तिथंच लागला, अजून तिथं आहे. तर ताई, मराठीत विचारा. तुमचं काम मराठीतच चालतं ना, फाउंड्रीला फोन मराठीतच जाणार.

पंचगंगा | बुधवार, रात्री १०:५०

तुम्हा सगळ्यांचं वाचून संच तयार केला. दिवाणजींना घरी जाऊन भेटले, त्यांनीच कागद निवडून दिले, एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी आहे तरी चष्मा वर करून करून बघत होते. अकरा कागद आहेत. पाच साधे, विजेचं बिल वगैरे. सहा अडकवणारे.

एक, बेळगावच्या सप्लायरचं इन्सर्टचं (मशीनच्या टूलला लावायच्या पात्यांचं) बिल. ५०,००० चा माल, ट्रान्सपोर्टनं शिरोलीला आलेला, आणि त्यावर सीजीएसटी ४,५०० आणि एसजीएसटी ४,५०० लावलाय, म्हणजे राज्यातल्या राज्यातला कर. सप्लायरचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो म्हणजे कर्नाटक, आपला २७. इथं आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधला कर हवा, हे बिल परत पाठवून दुरुस्त करून आणायला पाहिजे, नाहीतर ९,००० चं क्रेडिट (आपल्या जीएसटीतनं मिळणारी वजावट) हातचं गेलं.

दोन, आपण लावलेलं लेबर बिल, १,००,००० अधिक जीएसटी १८,०००. बँकेत आले १,१६,०००. मधले दोन हजार कुठं गेले? फर्मला दोन टक्के टीडीएस, तोही जीएसटी सोडून नुसत्या लाखावर. कोणी ते 'सूट' म्हणून टाकतो, कोणी पार्टीची बाकी म्हणून तसंच ठेवतो.

तीन, शेडच्या रंगकामाचं व्हाउचर, एकाच दिवशी एकाच माणसाला रोख १४,०००. दहा हजारांच्या वर रोख दिलं की तो खर्च धरत नाहीत.

चार, कामगारांना ओव्हरटाइमच्या दिवशी जेवण दिलं त्याचं हॉटेलचं बिल, त्यातल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. पाच, एकच बिल दोनदा, एकदा छापील आणि एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरनं काढलेली प्रिंट.

सहावा कागद दिवाणजींचा खास. एका पार्टीचं खातं, आपल्याकडं आणि त्यांच्याकडं ३,६०० चा फरक. आपण १३,७५० लिहिलेत, खरे १७,३५० आहेत. दिवाणजी म्हणतात फरकाला नऊनं भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, आणि तसा आकडा सापडत नसेल तर फरकाचं निम्मं करून बघायचं, एखादी रक्कम नावेच्या जागी जमेला पडलेली असते. उमेदवाराला हे सूत्र माहीत असायलाच हवं असं नाही, तो शोधतो कसा ते बघायचं म्हणाले.

सातपूरकर | बुधवार, रात्री ११:१०

भारी. फक्त पार्ट्यांची नावं आणि नंबरचे मधले आकडे झाकून झेरॉक्स काढा. पाच जण बघून जाणार, त्यातले चार दुसरीकडं लागणार. तुमचा रेट शेजारच्या युनिटला कळायला नको.

पंचगंगा | रविवार, दुपारी १२:२५

काल मुलाखती झाल्या. पगाराचा आकडा ऐकून एकानं फोनवरच नाही म्हटलं, चौघं आले. प्रत्येकाला एक तास, चहा, कॅल्क्युलेटर, टॅलीची कोरी कंपनी, आणि एक कोरा कागद, 'ज्याबद्दल शंका असेल ते यावर लिहा' एवढीच सूचना.

पहिला मुलगा २४ वर्षांचा, हातकणंगल्याचा. तोंडी सगळं फाडफाड. वैयक्तिक खातं, वास्तव खातं, नामधारी खातं, तिन्ही नियम. बसवल्यावर वीस मिनिटांत अकराच्या अकरा एंट्र्या मारून मोकळा. बेळगावच्या बिलाचे साडेचार-साडेचार हजार क्रेडिटला, जेवणाचं क्रेडिट घेतलेलं, दुहेरी बिल दोनदा. शंकांचा कागद कोरा. वाईट वाटलं, कारण हात खूप वेगवान आहे आणि पोरगा गुणी आहे. त्याला कोणी कधी थांबायला सांगितलेलंच नाही, जिथं होता तिथं दिवसाला किती एंट्र्या एवढंच मोजायचे.

दुसरे गृहस्थ पंचेचाळिशीचे, फाउंड्रीत १५ वर्षं. सहापैकी पाच पकडले, चहा प्यायच्या आत. टीडीएसचे दोन हजार बघताक्षणी सांगितले. मग गप्पा सुरू झाल्या आणि त्यांनी आधीच्या मालकाचं सगळं सांगायला सुरुवात केली. कुठली खरेदी बिनबिलाची, कोणाला किती रोख, घरात काय वाद आहेत, सगळं. मी विचारलं नव्हतं. भाऊ खूश होता, त्याला वाटलं माणूस मुरलेला आहे. माझ्या डोक्यात मात्र एकच, की उद्या हे दुसऱ्या टेबलावर बसून आमचं सांगतील.

तिसरी एक बाई, ३८ वर्षांच्या. २०१६ पर्यंत एका कर सल्लागाराकडं होत्या, मग घरी. म्हणजे जीएसटी यायच्या आधीच काम सुटलं, तो आला १ जुलै २०१७ ला. मधल्या काळात भावाच्या किराणा दुकानाची बिलं करायच्या, टॅलीची नवी आवृत्ती येत नव्हती, मेनू शोधायला वेळ गेला. एका तासात सातच एंट्र्या झाल्या. पण शंकांचा कागद भरलेला होता! पहिलीच ओळ, 'बेळगाव बिल, कर्नाटकचा माल, कर महाराष्ट्रातल्यासारखा लावला आहे, सप्लायरला विचारावे.' मी विचारलं कसं लक्षात आलं, तर म्हणाल्या व्हॅटच्या वेळी बाहेरच्या राज्यातनं माल आला की सी फॉर्मचं (सवलतीच्या दरानं कर लागावा म्हणून द्यायच्या फॉर्मचं) बघायला लागायचं, म्हणून बिल हातात आलं की आधी पत्ता बघायची सवय आहे. दुहेरी बिल धरलं, एकावर एक ठेवून उजेडात धरून बघितलं. ३,६०० चा फरक पेन्सिलीनं दोन्ही खात्यांवर एकेक टिक करत काढला, मला त्या क्षणी अगदी दिवाणजी आठवले. टीडीएसचं मात्र चुकलं, पार्टीची बाकी म्हणून ठेवले. टू-बी काय ते माहीत नाही असं सरळ सांगितलं.

चौथा मुलगा सीए इंटरचा एक ग्रुप झालेला. सगळं येतं. पण दर परीक्षेच्या आधी दोन महिने रजा हवी आणि दीड वर्षात जाणार हे त्यानं स्वतःहून सांगितलं, त्याचं कौतुक वाटलं.

भावाचं मत दुसऱ्याला घ्यावं. माझं तिसऱ्या. पण सात-आठ वर्षांची गॅप आहे. त्यांना मी विचारलं पण की मुलं लहान आहेत, मार्चमध्ये उशीर झाला तर घरी कसं जमवणार, तर जरा गप्प झाल्या. काय करू?

निळी शाई | रविवार, दुपारी २:४०

ताई, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मुलांचा प्रश्न त्या फाउंड्रीवाल्या गृहस्थांना विचारलात का? त्यांनाही मुलं असतीलच. तुम्हाला हवं ते एवढंच की मार्चमध्ये आठ वाजेपर्यंत थांबणं जमेल का. तेवढंच विचारायचं, चौघांनाही तेच. घरी काय करायचं ते त्यांचं त्या बघतील. मी अशा प्रश्नावर गप्प झालेली आहे, तिथं काय उत्तर दिलं तरी आपण कमीच पडतो असं वाटतं.

बाकी माझं मत तिसऱ्या बाईंना.

खतावणी | रविवार, दुपारी ३:१५

टू-बी शिकवायला दोन महिने लागतात, दोन फायलिंगच्या वेळा शेजारी बसलं की येतं. टीडीएस तर एका दुपारचं काम. कागद संशयानं बघायची सवय मात्र शिकवून येईलच असं नाही, मी ऑफिसात पोरं तयार करताना हेच बघितलंय. दुसऱ्या गृहस्थांबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे.

सुताचा गुंडा | रविवार, संध्याकाळी ६:००

दुसऱ्याला अजिबात नको. आमच्या धंद्यात रेट हीच अब्रू असते.

बाईंच्या आधीच्या कर सल्लागाराला फोन करा. आणि 'कशा आहेत' असं नका विचारू, सगळे चांगल्याच म्हणतात. 'परत घ्याल का' विचारा, आणि उत्तर द्यायला किती वेळ लावतात ते ऐका. फक्त एक, कोणी सध्या नोकरीत असेल तर त्याच्या आताच्या मालकाला त्याला न विचारता फोन करू नका, त्या माणसाची आहे ती नोकरी जाईल.

पंचगंगा | सोमवार, रात्री १०:२०

निळी शाई, राग कसला. तुमचं खरं आहे, तो प्रश्न मी बाकी तिघांना विचारला नाही. मला स्वतःला बँकेत कर्जाच्या वेळी विचारलं होतं, 'मिस्टर काय करतात', तेव्हा किती लागलं होतं. आज बाईंना फोन करून सांगितलं की तो प्रश्न मी विचारायला नको होता. त्या म्हणाल्या, 'मार्चमध्ये थांबेन मॅडम, व्हॅटच्या वेळी पण थांबायचे.'

कर सल्लागारांना फोन केला, बाईंची परवानगी घेऊन. 'परत घ्याल का' विचारलं तर समोरनं लगेच, 'अहो मीच दोनदा बोलवलं होतं, तुमच्याकडं येतायत का?'

भावाला अजून पटलेलं नाही. तीन महिने बघू म्हणालाय.

पंचगंगा | पुढच्या महिन्याची २३ तारीख, रात्री ९:०५

अपडेट द्यायचं राहिलं होतं. तिसऱ्या बाई १ तारखेला रुजू झाल्या, २०,००० वर, तीन महिने प्रोबेशन, सगळं लेखी दिलंय. पहिल्याच आठवड्यात पगारपत्रक करताना मी व्यवसायकराचे २०० कापायला निघाले तर म्हणाल्या, मॅडम बायकांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत नाही तो, २०२३ पासून. ईएसआयचे ०.७५ टक्क्यांनी १५० तेवढे कापले. जीएसटी येत नव्हता पण हे कुठनं माहीत, तर गॅपमध्ये सुद्धा पेपरमधलं बजेटचं पान ठेवून द्यायच्या.

दिवाणजी आठवड्यातनं दोन दिवस दुपारी येतात, रिक्षाचं भाडं आणि मानधन आम्ही देतो. टू-बीच्या दिवशी तिघं बसलो. ६१ बिलांतलं एक टू-बीत दिसेना, हत्यारांच्या सप्लायरचं. मी असते तर पुढच्या महिन्यात येईल म्हणून सोडलं असतं. बाईंनी सप्लायरला फोन लावून बिल नंबर, तारीख वाचून दाखवली, तेव्हा कळलं सप्लायरनं आपलं बिल दुसऱ्याच फर्मच्या नंबरवर टाकलंय. दुरुस्ती करतो म्हणालेत, तोपर्यंत तेवढं क्रेडिट बाजूला ठेवून ३बी १९ तारखेला भरलं. भावानं चलन बघितलं, काही बोलला नाही, पण काल ऑफिसात एक दुसरा मॉनिटर आणून लावलाय, एकावर टू-बी आणि एकावर टॅली उघडता यावं म्हणून.

सुताचा गुंडा, तुमची आठ दिवस सक्तीची रजा नेमणूकपत्रातच टाकलीय. ओटीपीचा मोबाईल माझ्याकडंच आहे.

संच कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नावं झाकलेली प्रत पाठवते.

निळी शाई | त्याच रात्री, १०:१०

खूप छान वाटलं वाचून. बाकीच्या तिघांना कळवलंत का?

पंचगंगा | त्याच रात्री, १०:३०

हो, तिघांनाही फोन केले. सीएवाल्या मुलाला भावाच्या मित्राकडं पार्टटाइम मिळालंय. फाउंड्रीवाल्यांना जमत नाही एवढंच सांगितलं. हातकणंगल्याच्या मुलाला मात्र नीट सांगितलं, बेळगावचं बिल, जेवणाचं, दुहेरी बिल, सगळं. तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं फोन ठेवला. मग म्हणाला, 'मॅडम, ते अकरा कागद परत एकदा बघायला मिळतील का?' शनिवारी येतोय, दिवाणजी पण असणार आहेत त्या दिवशी.